एमएस प्रोजेक्ट या नियोजनाच्या प्रोग्रॅममध्ये चार साइटचा एकच रिसोर्स पूल (माणसं-मशिनची सामायिक यादी) केलाय, पण रिसोर्स यूसेज व्ह्यू, म्हणजे कुणाकडे कुठलं काम किती ते दाखवणारा तक्ता, कुणालाच कळत नाही. तो आपल्याला हवा तसा कसा दाखवायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी. नाशिकमध्ये बांधकामाचा व्यवसाय, पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ आणि सिन्नर अशा चार साइट, चार वेगळ्या फाइल. सेंट्रिंगची (स्लॅबचा साचा बांधणारी) गँग, फिटर, सर्वेअर आणि पोकलेन (खोदकामाचं मशिन) चारही ठिकाणी तेच फिरतात, म्हणून पाचवी फाइल रिसोर्स पूल म्हणून केली. आता पूल उघडला की 'स्लॅब कास्टिंग', 'स्लॅब कास्टिंग', 'स्लॅब कास्टिंग' अशा ओळी एकाखाली एक येतात आणि कुठल्या साइटचा स्लॅब ते कळत नाही. निम्मी नावं कायम लाल असतात. वर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर चित्र वेगळंच.

मी इथल्याच एका कॉन्ट्रॅक्टरकडे प्लॅनिंग बघतो, डेस्कटॉपवरचं एमएस प्रोजेक्ट रोज वापरात आहे. खालचं सगळं त्याच आवृत्तीबद्दल आहे.

शेवटच्या तक्रारीपासून सुरू करू, कारण तिच्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पूल जोडल्यावर सगळ्यांना समान मिळतं ते म्हणजे माणसांची नावं, दर, कॅलेंडर आणि कामाचा भार. व्ह्यू मात्र ज्याच्या त्याच्या फाइलमध्ये राहतो. कॉलम कुठले, गट कसे पाडलेत, रंग कुठला, हे पूलमधून कुणाकडे जात नाही. त्यामुळे दिसणं वेगळं असणार, त्यात बिघाड काही नाही. पण आकडेच वेगळे येत असतील तर कारण दुसरं आहे. साइट इंजिनिअर आपली फाइल उघडतो तेव्हा प्रोग्रॅम विचारतो की सगळ्या जोडलेल्या फाइलमधली कामं दिसण्यासाठी पूल उघडू, की दुसऱ्या फाइल उघडूच नको? घाईत लोक दुसरा पर्याय दाबतात. मग त्याला फक्त स्वतःच्या साइटचं काम दिसतं, गँग बुधवारपासून मोकळी वाटते आणि तो फोन करून मुकादमाला बोलावून घेतो. पहिलाच पर्याय निवडायचा, असं सगळ्यांना बजावून ठेवा. बदल केल्यावर रिसोर्स टॅबवर 'अपडेट रिसोर्स पूल', आणि दुसऱ्याचे बदल बघायचे असतील तर 'रिफ्रेश रिसोर्स पूल'. एवढं झालं तरी अर्धी भांडणं मिटतील.

आता व्ह्यू. तो पूलच्या फाइलमध्येच बनवा. मूळ 'रिसोर्स यूसेज'ला हात लावू नका. 'मोअर व्ह्यूज'मध्ये जाऊन त्याची कॉपी करा आणि नाव द्या, उदाहरणार्थ 'साइटवार लोड'. एक बारीक गोष्ट इथे सुटते. व्ह्यूची कॉपी झाली तरी ती टेबल जुनीच वापरते, म्हणजे तुम्ही कॉलम बदललेत की मूळ व्ह्यूतही ते बदलतात. म्हणून 'मोअर टेबल्स'मधून 'यूसेज' टेबलचीही कॉपी करून नव्या व्ह्यूला ती लावा.

त्या टेबलमध्ये नावाच्या लगेच शेजारी 'प्रोजेक्ट' हा कॉलम घाला. तुमच्या तीन 'स्लॅब कास्टिंग'चं उत्तर हा एक कॉलम आहे, कारण प्रत्येक कामापुढे ते कुठल्या फाइलमधून आलं ते नाव तिथे येतं. अर्थात फाइलचं नाव 'न्यू फायनल २' असेल तर कॉलममध्येही तेच येणार. फाइलना साइटची नावं द्या, पण नुसतं फोल्डरमध्ये जाऊन नाव बदलू नका, त्याने पूलशी असलेला दुवा तुटतो. नाव बदललं की पूलमध्ये 'शेअर रिसोर्सेस'च्या खिडकीत जुना दुवा तोडायचा आणि नव्या नावाची फाइल उघडून तिथून ती पूलशी परत जोडायची.

बाकी कॉलम किती ठेवायचे? माझ्या मते काम, सुरुवात आणि शेवट, बस. दर आणि खर्च या व्ह्यूत नकोतच. हा कागद साइटवर जातो, आणि गँगचा दर साइटवर फिरायला लागला की तुम्हाला वेगळीच डोकेदुखी.

गट पाडायचे तर आधी रिसोर्स शीटमधला 'ग्रुप' कॉलम भरून घ्या, गँग, मशिनरी, स्टाफ असा. मग 'ग्रुप बाय'मध्ये रिसोर्स ग्रुप निवडलात की पोकलेन आणि सर्वेअर एकमेकांत मिसळत नाहीत. तुम्ही विचारलंय की साइटप्रमाणे गट पडतील का. पडतात. 'न्यू ग्रुप बाय'मध्ये पहिल्या ओळीत प्रोजेक्ट, दुसरीत रिसोर्सचं नाव, आणि खाली 'ग्रुप असाइनमेंट्स, नॉट रिसोर्सेस' या चौकोनात टिक. ही टिक नसेल तर गट माणसांचे पडतात, कामांचे नाही, आणि साइटवार वाटणी होतच नाही. पण सोमवारच्या मीटिंगला मी साइटवार गट लावत नाही. तिथे वाद असतो तो गँग कुणाची यावर, म्हणून गँगच्या नावाखाली चारही साइटची कामं एकत्र दिसलेली बरी. साइटवार व्ह्यू शेठसाठी वेगळा ठेवावा.

सिमेंट, स्टील तुम्ही मटेरियल म्हणून टाकलं असेल तर तेही याच यादीत येऊन बसतं. व्ह्यूला 'रिसोर्सेस - वर्क' हा फिल्टर लावून टाका.

खरी मेहनत उजव्या बाजूच्या तक्त्यावर घ्यावी लागते. तो आल्या आल्या रोजच्या तासांत दिसतो. आपल्या धंद्यात तासांत कोण बोलतं? मुकादम हजेरीत बोलतो. तेव्हा टाइमस्केलचा, म्हणजे वरच्या तारखांच्या पट्टीचा, खालचा टप्पा आठवड्याचा करा आणि ऑप्शन्समध्ये शेड्यूलखाली 'वर्क इज एंटर्ड इन'ला दिवस निवडा. तिथेच असाइनमेंटची युनिट्स (कामावर किती माणसं लावली तो आकडा) टक्क्यांऐवजी दशांशात दाखवायची सोय आहे. सहा जणांची गँग '६००%' अशी दिसते त्याऐवजी '६' दिसते, आणि हा फरक मुकादमालाही वाचता येतो.

इथे एक गंमत होते. सहा माणसं, सहा दिवसांचा आठवडा, म्हणजे ३६ हजेऱ्या. स्क्रीनवर मात्र ४०.५ येतात. कारण साइटचं कॅलेंडर नऊ तासांचं, सकाळी ८ ते १ आणि २ ते ६, पण फाइलच्या सेटिंगमध्ये 'अवर्स पर डे' अजून ८ च आहे. प्रोग्रॅम तास मोजतो आणि आठाने भागतो, म्हणून एका माणसाचा एक दिवस १.१३ होतो. तो आकडा ९ करा, आठवड्याचे तास ५४ करा, हिशेब जुळतो. मात्र हा बदल पूलच्या फाइलमध्ये बिनधास्त करा, चालू साइटच्या फाइलमध्ये नाही. पूलमध्ये स्वतःची कामं नसतात, फक्त दाखवण्यात फरक पडतो. साइटच्या फाइलमध्ये आधी 'एक दिवस' म्हणून टाकलेलं काम आत आठ तास म्हणून साठवलेलं असतं, ते लगेच ०.८९ दिवस दिसायला लागतं आणि मग सगळे तुमच्याकडे बघतात. नवीन साइटची फाइल सुरू करताना मात्र पहिल्याच दिवशी ९ लावून घ्यावं.

कॅलेंडरचा विषय निघालाच आहे तर, प्रोग्रॅमचं 'स्टँडर्ड' कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, ८ ते १२ आणि १ ते ५ असतं. शनिवार-रविवार सुट्टी. आमची सेंट्रिंगची माणसं रविवारी कामावर असतात आणि बुधवारी गंगेवरच्या (गोदावरीकाठच्या) बाजाराला जातात. तुमच्याकडेही तसंच काही असेल तर बुधवार सुट्टीचं वेगळं कॅलेंडर बनवून रिसोर्स शीटच्या 'बेस कॅलेंडर' कॉलममध्ये गँगपुढे लावा. नाहीतर किती माणसं शिल्लक आहेत हा आकडा कितीही सुंदर दाखवलात तरी चुकीचाच असेल. आणि फाइल जोडताना 'पूल टेक्स प्रेसिडन्स' निवडलेलं असू द्या. मतभेद झाला तर पूलचं कॅलेंडर खरं धरलं जातं, साइटवाल्याने परस्पर बदललेलं नाही.

आता लाल नावं. नाव लाल होतं ते माणूस कुठल्याही क्षणी त्याच्या कमाल युनिटच्या, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जितका उपलब्ध आहे त्याच्या, वर गेला तर. दिवसभराची बेरीज त्यात बघितली जात नाही. सर्वेअरला पाथर्डीला चार तासांचं मार्किंग आणि त्याच दिवशी आडगावला दोन तासांची लेव्हल दिली, तर एकूण सहाच तास होतात, म्हणजे दिवसात मावतात. पण दोन्ही कामं फाइलमध्ये सकाळी ८ लाच सुरू होतात, म्हणून नाव लाल. प्रत्यक्षात तो एक उरकून दुसरीकडे जातो. म्हणूनच तुमची निम्मी यादी लाल आहे आणि कुणी तिच्याकडे बघत नाही.

त्यावर उपाय म्हणजे उजव्या तक्त्यावर राइट-क्लिक करून 'डिटेल स्टाइल्स' उघडा. 'वर्क'च्या जोडीला 'रिमेनिंग अव्हेलेबिलिटी' (शिल्लक) आणि 'ओव्हरअलोकेशन' (जास्तीचा भार) एवढ्या दोनच ओळी घ्या आणि शिल्लकीच्या ओळीला फिकट हिरवी पार्श्वभूमी द्या. दुसऱ्या टॅबवर, म्हणजे 'यूसेज प्रॉपर्टीज'मध्ये, प्रत्येक कामाच्या ओळीवर शीर्षक परत परत दाखवायचं की नाही असं विचारलेलं असतं, तिथे 'नो' करा. स्क्रीन एकदम मोकळी होते. आता आठवड्याच्या चौकटीत जास्तीचा भार किती आणि शिल्लक किती हे आकड्यात दिसतं, त्यामुळे लाल रंगावर विसंबायची गरज राहत नाही. हवं तर 'टेक्स्ट स्टाइल्स'मधून 'ओव्हरअलोकेटेड रिसोर्सेस'चा लाल बदलून तपकिरी करा. मी तसाच ठेवलाय. पूर्ण काळा करू नका, कधी कधी तो खरंच बरोबर असतो. २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघाल्यापासून आम्हाला बाहेरून ऐनवेळी सेंट्रिंगची गँग मिळणं कठीण झालंय, त्यामुळे पुढच्या महिन्यात कुठल्या आठवड्यात माणसं कमी पडणार हे आधी दिसणं मोलाचं आहे.

वर हा व्ह्यू आणि खाली 'रिसोर्स ग्राफ' अशी जोडीही लावता येते. वर गँगवर क्लिक केलं की खाली तिचे उभे खांब दिसतात आणि मर्यादेच्या वरचा भाग वेगळ्या रंगात. मोठ्या स्क्रीनवर छान, लॅपटॉपवर दाटी होते.

सगळ्यांकडे हे एकसारखं पोचवायचं काम 'ऑर्गनायझर' करतो, फाइल मेनूतल्या 'इन्फो'खाली. एका बाजूला ग्लोबल.एमपीटी, म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची साचा-फाइल, दुसऱ्या बाजूला तुमची फाइल. पूलमधून 'साइटवार लोड' उचलून साइटच्या फाइलमध्ये टाका. फक्त व्ह्यू उचलून भागत नाही. टेबल, ग्रुप, फिल्टर यांचे वेगवेगळे टॅब आहेत, ते सगळे एकेक करून न्यावे लागतात, नाहीतर व्ह्यू तिकडे जाऊन अर्धवट उघडतो. ग्लोबल ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर असते, एकाच्या ग्लोबलमध्ये टाकलेलं दुसऱ्याला दिसत नाही. आणि ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये नवीन व्ह्यू, टेबल वगैरे आपोआप ग्लोबलमध्ये टाकण्याची टिक चालू असेल तर साइटवाल्यांच्या कॉम्प्युटरवर ती काढून टाका. नाहीतर प्रत्येकाने गंमत म्हणून केलेले 'व्ह्यू १', 'व्ह्यू २' त्याच्या पुढच्या प्रत्येक फाइलमध्ये डोकावत राहतात.

साइट इंजिनिअरने पूल थेट उघडावा का, असंही तुम्ही विचारलंय. बघायला उघडू दे, पण रीड-ओन्ली. लिहिण्यासाठी उघडणारा ऑफिसात एकच माणूस ठेवा, कारण त्याने पूल तसा उघडून ठेवला असेल तोवर बाकीच्यांना आपली माहिती पूलमध्ये पाठवता येत नाही. उघडताना तिसरा पर्याय येतो, सगळ्या जोडलेल्या फाइलसकट एक नवी मास्टर फाइल करण्याचा. तो महिन्याच्या आढाव्याला वापरा, रोज नको, जड जातं.

शेठसाठी तुम्ही 'टीम प्लॅनर' हा व्ह्यू, म्हणजे माणसांपुढे कामाच्या पट्ट्या, सुचवलाय. दिसायला तो सगळ्यांत सोपा, पण फक्त प्रोफेशनल आवृत्तीत मिळतो. शिवाय त्यात कामाची पट्टी माउसने ओढली की काम खरोखरच दुसऱ्याच्या नावावर किंवा दुसऱ्या तारखेला जातं. शेठना मी तो उघडून देणार नाही. साइटवार व्ह्यू, पुढच्या सहा आठवड्यांच्या तारखा प्रिंटच्या सेटिंगमध्ये टाकून, ए-थ्री आडवा, पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर. नंतर फोन येतो तो एकाच ओळीबद्दल, 'ओव्हरअलोकेशन'च्या.