आणखी काय सोडू?

‘कोबी सोडला, फ्लॉवर सोडला, सोयाबीन घरात येत नाही, मीठसुद्धा सैंधव आणलं, तरी पाळी दीड-दोन महिन्यांनी येते आणि आली की आठ-आठ दिवस थांबत नाही. मॅडम, आता आणखी काय सोडू?’ असे विचारणाऱ्या शिक्षिका बत्तीस वर्षांच्या होत्या (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटण्याचा आजार, निदान होऊन बराच काळ लोटला होता. गोळी नियमित चालू होती, तरीही टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारे मेंदूतल्या ग्रंथीचे संप्रेरक; थायरॉईड कमी पडले की ते वाढते) ९ च्या आसपास होते. साधारणपणे ते ४ ते ४.५ च्या आत अपेक्षित असते.

आहारातून वगळण्याच्या पदार्थांची यादी घेऊन येणाऱ्या स्त्रिया मला वरचेवर भेटतात, आणि त्या यादीपेक्षा त्यांची सकाळ मला अधिक सांगून जाते. या बाई साडेपाचला उठत, चहाचे आधण ठेवत आणि पहिल्या घोटाबरोबर थायरॉईडची गोळी घेत. विसरायला नको म्हणून लोहाची व कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी. डबीत तिन्ही गोळ्या एकाच खणात होत्या. लोह आणि कॅल्शियम आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, बांधून ठेवतात आणि चहा-कॉफीनेही ते कमी शोषले जाते, त्यामुळे गोळी रोज पोटात जाऊनही रक्तात पुरेशी पोहोचत नव्हती. लोहाची गोळी मात्र सुरू झाली होती ती पाळीत होणाऱ्या अतिरक्तस्रावामुळे. आणि थायरॉईड संप्रेरक कमी पडले की बीजनिर्मिती चुकते, प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध तयार करवणारे संप्रेरक) वाढू शकते, पाळी लांबते किंवा जास्त जाते. म्हणजे एका तक्रारीवरचे औषध दुसऱ्या औषधाच्या आड येत होते आणि मूळ तक्रार तशीच राहत होती.

लोह बंद करणे हा त्यावर उपाय नव्हता. थायरॉईड संप्रेरक तयार करणाऱ्या टीपीओ या विकरालाच लोह लागते, आणि त्यांचे हिमोग्लोबिन १० च्या खाली होते. म्हणून बदलल्या त्या फक्त वेळा: उठल्यावर पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी, चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासाने, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री, म्हणजे थायरॉईडच्या गोळीपासून किमान चार तासांचे अंतर राहते. केसगळतीसाठी चालू असलेल्या बायोटिनबद्दलही सांगावे लागले, कारण त्याने काही प्रयोगशाळांच्या चाचणीत टीएसएच खोटेच कमी दिसते. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते थांबवायचे.

कोबी-फ्लॉवर थायरॉईडला बाधतो म्हणून त्यांनी सोडला होता, पण शिजवलेला कोबी रोजच्या जेवणातल्या प्रमाणात खायला हरकत नाही. सैंधवाऐवजी आयोडीनयुक्त मीठ पुन्हा सुरू करायला सांगितले. सागरी शेवाळाच्या गोळ्या मात्र नकोत, कारण या आजारात आयोडीनचा अतिरेकही ग्रंथीला बाधतो. सेलेनियम या खनिजाने थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) काही जणींत घटतात, पण त्यामुळे तब्येतीत ठोस फरक पडतो असे म्हणण्याजोगा पुरावा नाही, तेव्हा तो खर्च मी सुचवला नाही.

डॉक्टरांनी मात्रा न वाढवता आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहिले, ते ३ च्या जवळ आले होते. पाळी पस्तीस-छत्तीस दिवसांवर आली. प्रतिपिंडे चढीच होती आणि त्या त्यामुळे हिरमुसल्या. पण मात्रा टीएसएचवरून ठरते, प्रतिपिंडांच्या आकड्यावरून नाही, म्हणून ती चाचणी पुन्हापुन्हा करण्यात पैसे घालवू नयेत. टीएसएच सुधारूनही पाळी ताळ्यावर आली नसती, तर पीसीओएस (बीजांडकोशाशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड) आणि प्रोलॅक्टिनच्या तपासणीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचे ठरलेलेच होते. सगळे खापर थायरॉईडवर फोडण्याची आपल्याकडे जरा सवयच आहे.

घरात मुलाचा विषय निघू लागला होता, म्हणून एक गोष्ट त्यांना लिहून दिली. पाळी लांबली तर ‘थायरॉईडमुळे असेल’ म्हणून वाट न पाहता आधी गर्भचाचणी करायची आणि ती होकारार्थी आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, कारण गर्भारपणात लेव्होथायरॉक्सिनची गरज पहिल्याच काही आठवड्यांत साधारण पाव ते एक तृतीयांशाने वाढते.