प्रायश्चित्तकाळात मनात एखाद्याबद्दल द्वेष असेल तर प्रार्थना कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाल्यापासून, मटण-मासे सोडलेत, शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या भक्तीलाही जाता, पण ज्याने फसवलं त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला की प्रभूची प्रार्थना ‘आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हालाही क्षमा कर’ या अर्थाच्या ओळीवर अडते. हा ढोंगीपणा नाही. मीही त्याच ओळीवर दोन वर्षं अडलो होतो.

मी वसईचा. माझ्या मोठ्या भावाने वाडीतला विहिरीकडचा तुकडा मला न विचारता विकला. आमचं बोलणं बंद झालं. आईच्या वर्षाच्या मिस्सालाही (चर्चमधल्या उपासनेलाही) आम्ही दोन टोकांच्या बाकांवर बसलो. मग राखेच्या बुधवारी रांगेत तो नेमका माझ्या पुढे आला. फादरांनी त्याच्या कपाळावर राख लावली, त्याच अंगठ्याने माझ्या. माणूस माती आहे आणि मातीलाच मिळणार, हे शब्द दोघांनी एका पाठोपाठ ऐकले. तरी बाहेर पडताना मी मान फिरवली.

त्या रात्री मी स्तोत्रसंहितेतलं १०९ वं स्तोत्र उघडलं. शत्रूला शाप देणारं ते स्तोत्र आहे. चर्चच्या रोजच्या प्रार्थनाविधीतून ते आता वगळलेलं असलं, तरी बायबलमध्ये आहेच. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण देवासमोर गोड बोलायची सक्ती नाही हे त्यातून कळतं. दादाला डोळ्यांसमोर धरून मी ते मोठ्याने वाचू लागलो. नवव्या-दहाव्या वचनात त्या माणसाची मुलं पोरकी व्हावीत, भीक मागत फिरावीत, असं आहे. तिथे माझा आवाजच फुटेना. दादाच्या धाकटीला मी बावखलात, वाडीतल्या तळ्यात, पोहायला शिकवलं होतं. माझ्या हाताला घट्ट धरलेली तिची ती इवली बोटं आठवली. मी पुस्तक मिटलं.

पापनिवेदनाला गेलो तेव्हा फादरांनी प्रायश्चित्त दिलं: ईस्टरपर्यंत रोज एक प्रभूची प्रार्थना दादाच्या नावाने म्हणायची, आणि नावाला कुठलंही विशेषण लावायचं नाही. सोपं वाटतं, पण पहिला आठवडा ‘लबाड’ हा शब्द आपोआप येत होता.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली वचनं, २३ आणि २४, नीट वाचा. वेदीवर अर्पण आणताना आठवलं, तर ते तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं येशू सांगतो. पण काय आठवलं तर? आपल्या मनात भावाविरुद्ध काय आहे ते नव्हे, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे. इतकी वर्षं मी ते उलटं वाचत आलो होतो. दादाच्या मनात काय होतं? बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी मुंबईत नोकरीला होतो, रविवारी फळं घेऊन यायचो. रात्री-अपरात्री त्यांना उचलणं, धुणं सगळं त्याने आणि वहिनीने केलं. त्यावर मी एकदाही बोललो नव्हतो. विक्री त्यामुळे योग्य ठरत नाही. पण जाऊन बोलायला मला विषय मिळाला.

मात्र तुमच्या बाबतीत मारहाण, धमकी असं काही असेल तर समेटासाठी एकट्याने त्या दारात जाऊ नका. तक्रार करा, वकील गाठा. त्याचं वाईट न चिंतताही हे करता येतं.

आणि घाई करू नका. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननची हत्या २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात झाली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली ती २००२ साली. ही गोष्ट प्रवचनात सांगतात तेव्हा राखीपाशी लगेच पोहोचतात, मधली सात वर्षं दोन वाक्यांत संपतात.

मी त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, दादाकडे गेलो. जमिनीचा विषय काढलाच नाही. बाबांच्या आजारपणाचं बोललो, माफी मागितली. तो बराच वेळ गप्प बसला, मग वहिनीला म्हणाला, ‘चहा ठेव.’ आज त्या तुकड्यावर इमारत उभी आहे. तिच्यासमोरून जाताना माझ्या पोटात अजूनही कालवतं, तेव्हा मी ती एक प्रार्थना म्हणतो, दादाच्या नावाने, विशेषण न लावता. तुम्ही आज रात्री तेवढ्यावरूनच सुरुवात करा.