ट्युरिनचं कफन: 2019 च्या लेखाने नेमकं काय खोडलं?

'2019 च्या लेखाने 1988 ची कार्बन तारीख खोडली, तेव्हा कफन पहिल्या शतकातलं असं व्याख्यानात सांगू का?' असं तुम्ही विचारलंय. (कफन म्हणजे इटलीतल्या ट्युरिनमध्ये जपलेलं, माणसाची प्रतिमा उमटलेलं लिननचं कापड; येशूचं शव यातच गुंडाळलं होतं असं भाविक मानतात. 1988 च्या कार्बन चाचणीने ते 1260 ते 1390 मधलं ठरवलं होतं.) नका सांगू. या खड्ड्यात मीही पडून झालोय. कफनावरची प्रतिमा फोटोच्या निगेटिव्हसारखी दिसते वगैरे प्राथमिक गोष्टी सोडतो, त्या तुम्हाला ठाऊक असणारच.

1988 च्या चाचणीत सगळ्यात महाग पडलं ते नमुना घेणं. आधी सात प्रयोगशाळा ठरल्या होत्या, उरल्या तीन: ऑक्सफर्ड, झ्युरिक आणि टूसॉन. तिघींना कापड मिळालं ते एकाच कोपऱ्यातल्या जेमतेम 1 सेंमी रुंद, 7 सेंमी लांब पट्टीतून. कापड जवळजवळ साडेचार मीटर लांब, आणि निवडला तो कडेचा, दर्शनाच्या वेळी हातांत धरला जाणारा भाग! आणखी दोन जागांचे थोडे धागे घेतले असते तर निम्मा वाद तिथेच मिटला असता. वर मूळ आकडे 2017 पर्यंत कपाटात. कायद्याचा आधार घेऊन मागितले तेव्हा बाहेर आले. आकडे दाबून बसलेली कचेरी संशयखोरांच्या हाती आयतं कोलीत देते, दुसरं काय.

आता आकडे. 1950 पासून मागे मोजलेली कार्बन-वर्षं अशी: ऑक्सफर्ड 750±30, झ्युरिक 676±24, टूसॉन 646±31. मोजण्या एकमेकींशी जुळतात का हे पाहणाऱ्या काय-वर्ग चाचणीचं उत्तर 6.4, आणि 5 टक्क्यांची मर्यादा 5.99; उत्तर मर्यादेच्या वर गेलं की जुळत नाही असं धरतात. थोडक्यात, तिघींचं नीट जुळत नाही, आणि हे 1989 च्या 'नेचर'मधल्या मूळ लेखातच छापलेलं आहे. 2019 चा लेख तेच कच्च्या आकड्यांवरून ठासून सांगतो: 1260 ते 1390 या कालखंडाला '95 टक्के खात्री' म्हणणं घाईचं होतं. मान्य. पण तफावत शंभरेक वर्षांची आहे, तेराशेची नाही. (मी संख्याशास्त्रातला तज्ज्ञ नाही, जाणकारांनी दुरुस्त करावं.)

'कापड दूषित झालं असेल' म्हणणाऱ्यांना गणित करायला सांगा. कार्बन-14 हा काळानुसार ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन. पहिल्या शतकातल्या लिननमध्ये तो मूळ प्रमाणाच्या सुमारे 78 टक्के उरायला हवा; मोजणीत आलं 92 च्या आसपास. ही भर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कार्बनने घालायची तर नमुन्यातला साठएक टक्के कार्बन परका हवा. 1532 मध्ये फ्रान्समधल्या शांबेरीला कफन आगीत होरपळलं, त्या सुमाराचा धागा धरला तर तीन-चतुर्थांश! घाम, मेण, धूर यांनी एवढं होत नाही, शिवाय नमुने आम्ल-अल्कलीने धुतलेले होते. म्हणूनच अदृश्य रफूचा तर्क पुढे आला: तो कोपरा नंतरच्या धाग्याने बेमालूम दुरुस्त केलेला असावा. रसायनतज्ज्ञ रेमंड रॉजर्स यांनी 2005 मध्ये त्या कोपऱ्याचं रसायन वेगळं असल्याचं मांडलं, ते वाचण्यासारखं आहे. पण 2002 मध्ये अस्तर काढून मागची बाजू पाहिलेल्या वस्त्रतज्ज्ञ मेख्टिल्ड फ्लुरी-लेम्बर्ग यांना रफू आढळला नाही. रफू पुढून लपला तरी मागून दिसतोच, हा त्यांचा मुद्दा मला पटतो.

कापड दोन हजार वर्षं जुनं असू शकतं म्हणणाऱ्या 2022 च्या क्ष-किरण तपासणीचा आधार घेणार असाल तर तिची अटही सांगा: युरोपातला ज्ञात इतिहास सुरू होण्याआधीची तेरा शतकं कापड सरासरी 20 ते 22.5 अंशांत आणि 55 ते 75 टक्के आर्द्रतेत राहिलेलं असावं लागतं. कुठे होतं हेच माहीत नसलेल्या कापडासाठी हे फारच सोयीचं गृहीतक झालं.

माझा कल चौदाव्या शतकाकडे आहे, आणि तो फक्त कार्बनमुळे नाही. 1389 मध्येच फ्रान्समधल्या त्र्वाच्या बिशपांनी, प्येर द'आर्सी यांनी, हे चित्रकाराचं काम असल्याचं लिहून कळवलं होतं. व्याख्यान याच पत्रापासून सुरू करा. श्रोत्यांत भाविक असतील तर चर्चने कफन अस्सल असल्याचं अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही, हेही सांगून टाका. श्रद्धेवर मला काही म्हणायचं नाही.

जाता जाता: 'कफनाचं कापड भारतातलं' हा फॉरवर्ड कुणीतरी हमखास पुढे करेल. 2015 च्या डीएनए अभ्यासात भारतीय उपखंडातल्या माणसांच्या वंशरेषा सापडल्या हे खरं, पण तपासली होती ती कफनावरून गोळा केलेली धूळ, आणि त्याच धुळीत अमेरिका खंडातल्या वनस्पतीही निघाल्या; म्हणजे धूळ नंतरही बसत गेली, तिच्यावरून कापड कुठलं हे ठरत नाही.