अमेरिकेतल्या एका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) यादीत शेतकऱ्यांच्या नावापुढे लाखो डॉलरचं अनुदान दिसतं. एवढा पैसा खरंच शेतकऱ्याला मिळतो का?

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या शेतीप्रधान काउंटीत राहते, कामामुळे शेतकऱ्यांशी सतत बोलणं होतं, म्हणून लिहिते.

आधी तो आकडा नीट बघा. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या स्वयंसेवी संस्थेची यादी पाहिली असेल, तर त्यात बहुधा १९९५ पासूनची सगळी वर्षं एकत्र धरलेली असतात. आणि पीकविम्याच्या हप्त्यातला सरकारचा वाटा, जो निम्म्याहून मोठा आहे, तो नावानिशी दिसतच नाही, कारण कायद्याने ती माहिती गोपनीय आहे.

आपल्या पीएम-किसानमध्ये एक एकरवाल्यालाही वर्षाला ६,००० रुपये आणि दहा एकरवाल्यालाही तेवढेच. इकडे हिशोब एकरी, तोही आज पेरलेल्या एकरांवर नाही. प्रत्येक शेताला 'बेस एकर' लावून दिलेले आहेत, त्या जमिनीत पूर्वी काय पिकायचं त्यावरून ठरलेले. नोंद मक्याची आणि यंदा सोयाबीन पेरलं, तरी पैसे मक्याच्या भावावर. एका योजनेत देशातला सरासरी भाव ठरलेल्या किमतीखाली गेला की फरक मिळतो. दुसरीत संपूर्ण काउंटीचं एकरी उत्पन्न, म्हणजे पीक गुणिले भाव, घसरावं लागतं. गारपिटीने एकट्या तुमचंच शेत झोपलं तर या दुसऱ्या योजनेतून काही हाती लागत नाही. शिवाय पैसे येतात पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून, तोवर बियाणं-खतं बँकेच्या कर्जावर.

एकरी हिशोब असल्यावर मोठ्याला जास्त मिळणारच. मर्यादा आहे, माणशी १,२५,००० डॉलर होती, २०२५ च्या कायद्याने १,५५,००० केली. पण बाप आणि दोन मुलगे भागीदारीत कसत असतील, तर तिघांची मर्यादा वेगवेगळी मोजली जाते. मला हे पटत नाही.

त्याहून मला खटकतो तो खंड. आयोवातली निम्म्याहून जास्त शेतजमीन भाड्याने कसली जाते. रोख खंड असेल तर अनुदान कसणाऱ्याला, वाट्याने असेल तर दोघांत. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून आपल्याकडच्या खंडकऱ्याला पीएम-किसानचा रुपयाही मिळत नाही, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण जमिनीला किती बेस एकर आहेत हे मालकालाही ठाऊक असतं, आणि पुढच्या करारात खंड चढतो. मालक नेहमी धनदांडगा असतो असंही नाही. कितीदा ती एकटी राहणारी म्हातारी असते आणि खंड हेच तिचं पेन्शन. तिला काय बोलणार? जीव तुटतो तो स्वतःची जमीन नसलेल्या तरुण शेतकऱ्यासाठी. यादीत लाभार्थी म्हणून नाव त्याचं, आणि त्यातला बराच पैसा खंडात जातो.

तेव्हा यादीतल्या माणसाबद्दल मत बनवण्याआधी दोन गोष्टी विचारा: तो आकडा किती वर्षांचा आहे, आणि जमीन त्याची स्वतःची किती.