जुनी गाडी बाळगायची हौस फिटली आहे. ती परत येते का, की गाडी विकून मोकळं व्हावं?

तुम्ही लिहिलंय की १९६८ची फोक्सवॅगन बीटल सहा वर्षं तुमच्याकडे आहे, गेले आठ महिने ती कव्हरखाली पडून आहे, आणि जवळून जाताना तुम्ही मान फिरवता. ते मान फिरवणं वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. माझी गाडी १९५९ची मॉरिस मायनर. सव्वा वर्ष मी घरात शिरताना पुढच्या बाजूनं न येता मागच्या दारानं यायचो, कारण पुढे ती उभी असायची. बायकोनं विचारलं तर सांगायचो, इकडून जवळ पडतं. पडत नव्हतं.

तर हो, हौस परत येते. निदान माझी आली.

ती गेली कशी, याचा माझा अंदाज बराच काळ चुकीचा होता. मला वाटायचं, सततच्या बिघाडांना कंटाळलो. पण बिघाड तर पहिल्या दिवसापासून होते. घेतली तेव्हा रंग उडालेला, उजव्या दाराखाली बोट जाईल एवढं गंजाचं भोक, आणि इंजिन गार असताना चोक किती ओढायचा हे फक्त आधीच्या मालकाला ठाऊक. पहिली चार वर्षं मी तिच्यातून सामान आणलं, पावसात फिरलो, दोनदा रस्त्याच्या कडेला बसून कार्बोरेटरची (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) पेट्रोल साठवायची वाटी उघडली आणि तळाचा गाळ रुमालानं पुसून काढला. दोन्ही वेळा घरी आल्यावर ती हकीकत भेटेल त्याला ऐकवली. बिघाडात मजा होती हो.

मग मी ती रंगवायला दिली, आणि तिथं फसलो.

या गाडीच्या बॉनेटवर मधोमध एक किंचित उचललेला सपाट पट्टा आहे. ॲलेक इसिगोनिसनं ही गाडी घडवली. नमुना तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटायला लागली, तेव्हा त्यानं नमुना उभा मधोमध चिरवला, दोन्ही अर्धे एकमेकांपासून हळूहळू दूर सरकवले, आणि डोळ्यांना बरं वाटलं तिथं थांबवले. चार इंच भरले. उत्पादनाची तयारी तोवर बरीच पुढे गेलेली होती, म्हणून बॉनेटमध्ये तो चार इंचांचा पट्टा आला आणि सुरुवातीच्या गाड्यांचे बंपरही मधून कापून जोड देऊन लावावे लागले. १९४८मध्ये लंडनच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली, पुढे सोळा लाखांच्या आसपास बनल्या, आणि प्रत्येकीच्या कपाळावर त्या माणसाचा बदललेला विचार आहे. मी या गाडीच्या प्रेमात पडलो तो त्या पट्ट्यामुळे.

रंगकामाला गाडी अकरा महिने अडकली. परत आली तेव्हा आरशासारखी चमकत होती आणि पट्ट्याच्या दोन्ही कडा लांबी (पुट्टी) भरभरून गोल झाल्या होत्या. दुसऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय दिसणार नाही. मला दुसरं काही दिसेना. सोबत तीन खोके, त्यांत चिठ्ठ्या न लावलेले नटबोल्ट, क्लिपा, रबरं. त्या कारखान्याशी भांडायला हवं होतं, भांडलो नाही, पैसे दिले आणि घेऊन आलो. नंतर कळलं, न भांडलेलं भांडण गाडीतच येऊन बसतं. तिच्याकडे बघितलं की ते आठवायचं.

पण पट्ट्यापेक्षा वाईट झालं ते हे की मी तिला जपायला लागलो. आभाळ आलं, नको काढायला. तिथं गाड्या दाटीनं लावतात, नको. उन्हात रंग जाईल, नको. आधी जिच्यातून सिमेंटची गोणी आणली होती तीत आता कुणी बसताना कमरेच्या पट्ट्याचं बक्कल रंगाला लागेल म्हणून मी ओरडायचो. वर्षातून तीनदा बाहेर निघायची, तेही जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, पुसून पुसून. आणि न चालवलेली गाडी बिघडते, हे तुम्हाला सांगायला नको. रबर वाळतं, ब्रेकचे सिलिंडर धरतात, पेट्रोल जुनं होऊन कार्बोरेटरच्या बारीक भोकांत वार्निशसारखं चिकटतं. मग बाहेर काढली की काहीतरी होणारच. झालंच. घरच्यांना घेऊन एका लग्नाला निघालो होतो, वाटेत बंद पडली, सगळे नव्या कपड्यांत भर उन्हात उभे. कुणी काही बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून कव्हर घातलं ते घातलंच. भिंतीवर कामांची यादी होती, एक्केचाळीस कामं. बॅटरी मात्र चार्जरला लावून ठेवली होती. तेवढं एक केलं की बाकीचं न केल्याचं लागत नसे.

चौदा महिन्यांनी एका अनोळखी मुलाचा फोन आला. कुणाकडून तरी नंबर मिळवला होता. "काका, तुमच्याकडे ५९ची मायनर आहे ना? मी कार्बोरेटर सगळा खोललाय आणि आता चोकची स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवायची तेच आठवत नाही. एक फोटो मिळेल? डाव्या बाजूनं?" आवाजात रडकुंडी. नाही कसं म्हणणार? कव्हर अर्धं मागे टाकलं, बॉनेट उचललं. एअर फिल्टरच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. ते पेचकसानं खरवडलं, बोटानं धूळ पुसली, फोटो काढला, पाठवला. काम संपलं होतं.

बॉनेट लावण्याआधी मी सवयीनं आत हात घालून किल्ली फिरवली. का, ते सांगता येणार नाही. लाल दिवा लागला. टिकटिक झाली नाही.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिचा पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि बॉनेटखाली, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला लावलेला असतो. किल्ली फिरवली की तो भराभर टिकटिकतो, कार्बोरेटरची वाटी भरत आली की सावकाश होतो, आणि भरली की गप्प. मग सेल्फची मूठ ओढायची. दर वेळी सुरू करताना गाडी आधी असं काहीतरी बोलते. सात वर्षं ते ऐकलं होतं आणि त्या दिवशी नव्हतं. आतमध्ये वीज तोडजोड करणारे छोटे पॉइंट असतात, गाडी उभी राहिली की त्यांच्यावर काजळी धरते. उपाय सगळ्या मायनरवाल्यांना माहीत आहे: पान्याच्या दांड्यानं पंपाला टिचकी. मी मारली. एकदा टिक्. पुन्हा शांत.

मग मात्र राहवेना. बॅटरीची तार काढली (पेट्रोलजवळ ठिणगी नको, ही एक गोष्ट आळसातही विसरायची नाही), पंपाच्या टोकाचा एकच नट सोडवला, काळी टोपी ओढून काढली. पॉइंट राखेसारखे करडे झाले होते. बारीक पॉलिश पेपरची करंगळीएवढी पट्टी कापली, दोन्हींच्या मधून आठ-दहा वेळा ओढली, मग कोरा कागद ओढून भुकटी पुसली. टोपी, नट, तार. किल्ली.

टिकटिकटिकटिक. टिक, टिक. टिक. आणि गप्प.

वीस मिनिटांचं काम. मी तसाच मडगार्डला टेकून उभा राहिलो. बायको खिडकीतून बघत होती, तिनं विचारलं, चालू झाली का? म्हटलं, नाही, पंप बंद झाला. ती म्हणाली, मग हसतोस काय?

लगेच सगळं पालटलं असं समजू नका. पण त्या संध्याकाळी भिंतीवरची यादी काढून टेबलावर घेतली. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, जो या गाडीत चालवणाऱ्याच्या पायाखाली चॅसिसच्या पोटात दडवलेला असतो आणि काढताना माणसाला रडवतो, तो तिथं होता. आणि लगेच खाली स्पीडोमीटरच्या काचेवरचा चरा. दोन्ही एकाच अक्षरात. एकानं जीव जाईल, दुसऱ्यानं काहीही होणार नाही, पण भिंतीवरून दोन्ही माझ्याकडे सारख्याच डोळ्यांनी बघत होती. मी वेगळा कागद घेतला आणि ज्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं चूक ठरेल तेवढंच लिहिलं: ब्रेक, पेट्रोलच्या रबरी नळ्या, टायर, पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस, जुनं पेट्रोल उपसणं. पाच. ग्रीसचं हसण्यावारी नेऊ नका, मायनरचे ते खालचे सांधे कोरडे पडून झिजले तर पुढचं चाक आडवं पडतं. उरलेली छत्तीस कामं मी फाडून टाकली. पट्ट्याच्या कडा त्या छत्तिसांत होत्या.

पाच कामांना दोन महिने लागले. मास्टर सिलिंडरचं मिस्त्रीकडून करून घेतलं आणि त्याची मला लाज वाटली नाही. इंजिनाला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक संच बसवला, जुने डिकीत ठेवलेत. अस्सलपणाची चाड असणारे नाक मुरडतात, मुरडोत बापडे. पंपाचंही तसं करता येतं, पण ते मी करणार नाही.

नियम एकच ठेवला: आठवड्यातून एकदा कामासाठी न्यायची. पुसायला नाही, दाखवायला नाही, काहीतरी आणायला. नवव्या की दहाव्या खेपेला, ती उभी करून आत गेलो होतो तेवढ्यात कुणाच्या तरी सायकलचं हँडल डाव्या दारावर घासलं. वीतभर ओरखडा, खालचा प्रायमर दिसतोय. मला वाटलं होतं असं काही झालं तर मी तिथंच बसकण मारीन. वाकून बघितलं, बोट फिरवलं, आणि तोंडातून हुश्श निघालं. चला, झालं एकदाचं. त्या दिवशी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी आलो. उतारावर पाय उचलला की हिचा सायलेन्सर तोंडात पाणी घेऊन गुळण्या केल्यासारखा आवाज करतो, तो दोन वर्षांनी नीट ऐकला.

आता तुमच्या बीटलचं. आठ महिने उभी आहे तर आधी पेट्रोलच्या रबरी नळ्या बघा, इंजिनाजवळच्या आणि टाकीखालच्याही. हाताला कडक लागल्या किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर नव्या घातल्याशिवाय सेल्फ मारू नका. मागच्या बाजूला तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकून या गाड्या पेटल्या आहेत. टायरची नक्षी बघून फसू नका, कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३४१२ असेल तर तो २०१२चा आहे, कितीही नवा दिसो. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, ते बदला. एवढं झालं की सुटे भाग मिळत नाहीत असली सबब सांगू नका; २००३पर्यंत दोन कोटी पंधरा लाखांवर बीटल बनल्या, जगात भाग सापडणार नाहीत तर कुणाचे?

आणि एक काम स्वतःच्या हातानं करा: इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट लावा. दर पाच हजार किलोमीटरला ती लावायचीच असते, तुमची राहिलीच असणार. इंजिन पूर्ण गार हवं, एक फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक पाना, एक पेचकस, आणि चाकांच्या मधे उताणं पडायची तयारी. आदल्या दिवशीचा आणि नंतरचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा. आपल्या हातानं केलेल्या कामाचा फरक कानाला कळतो की नाही, ते बघा.

कळूनही आत काही हललं नाही, तर विका. खरंच विका, आणि चालती असतानाच विका, पाच वर्षांनी गंजलेली नको. माझ्याकडे मायनरसोबत एक जुनी मोटारसायकलही होती, अर्धी खोललेली. मायनर सुरू झाल्यावर तिच्याकडे बघितलं, काहीच वाटलं नाही. महिन्याभरात एका हौशी माणसाला दिली, नेताना तो वाटेत तिच्याशी बोलत होता. मी दार लावून घेतलं आणि जेवायला बसलो.

माझ्या गाडीला वळण दाखवायला दिवे नाहीत, दारामागच्या खांबातून बाहेर येणारे छोटे हात आहेत, ट्रॅफिकेटर म्हणतात त्यांना. डावा अडकतो. तो त्या छत्तीस कामांमध्ये होता, त्यामुळे दुरुस्त झालेला नाही. डावीकडे वळायचं असलं की मी बटण दाबतो आणि बायको न सांगता खांबावर एक बुक्की घालते.