ऊदवर (बिनपडद्याच्या अरबी तंतुवाद्यावर) साधी चाल वाजवली की ती कोरडी वाटते. मी आधी सतार शिकलो आहे. हरकती-मुरक्या कशा भराव्यात?

निदान सुरुवातीचे काही महिने तरी त्या भरू नका. चाल कोरडी वाटते ती तुमच्या उजव्या हातामुळे. ऊदच्या नायलॉनच्या तारांना सतारीसारखी आस नसते. स्वर छेडताच विरू लागतो, आणि चार मात्रांचा स्वर एकदाच छेडून सोडला तर उरलेल्या मात्रा जवळपास रिकाम्या जातात. अरबी वादकांची सजावट मुख्यतः ही रिकामी जागा रिशाने, म्हणजे ऊदच्या लांब नखीने, भरण्यातून घडलेली आहे.

हे मी ठासून सांगते आहे, कारण याच मुद्द्यावर माझा एका सतारवादक गृहस्थांशी जुना वाद आहे. मस्कतमध्ये मी ज्या इजिप्शियन उस्तादांकडे शिकत होते, त्यांच्या घरी एकदा नाय (बासरी), कानून (अनेक तारांचे, संतूरसारखे आडवे वाद्य), व्हायोलिन, रिक्क (छोटा डफ) आणि ऊद असा तख्त, म्हणजे छोटा वाद्यवृंद, जमला होता आणि आमच्या मराठी मंडळातील हे गृहस्थ माझ्याच आग्रहावरून आले होते. बायाती मकामातील (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी स्वरचौकट) दहा मात्रांची एक समाई, म्हणजे बांधीव वाद्यरचना, सुरू झाली. तख्तात सगळे एकच चाल वाजवतात, परंतु प्रत्येक जण ती आपल्या वाद्याच्या स्वभावाप्रमाणे सजवतो. नायवादकाने मध्यम लांबवला की उस्ताद त्याच मध्यमावर अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे आघात करीत, मध्येच खर्जातला मध्यम वाजवून वर येत आणि ओळीच्या शेवटच्या स्वरावरच रिशा झपाट्याने खाली-वर चालवून तो स्वर तोलून धरीत. परतताना गाडीत या गृहस्थांनी निकाल दिला : ‘ताई, हे तर शिलाई यंत्र झालं. पडदे नसलेलं वाद्य हातात असून एक मींड नाही!’

मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे. त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते. बायातीचा दुसरा स्वर कोमल आणि शुद्ध ऋषभाच्या साधारण मधोमध बसतो, आणि पडदे नसल्यामुळेच तो कानाने नेमका लावता येतो. त्या जागेवरून सतत घसरत राहिलात तर बायातीची ओळखच पुसली जाते. शिवाय आस इतकी आखूड की लांब मींड अर्ध्या वाटेतच विरते. सतारीचा नियम सरसकट ऊदला लावणे म्हणजे वाद्य न ऐकता त्याच्याविषयी मत देणे होय.

तेव्हा तुमच्या चालीतील प्रत्येक लांब स्वर आधी त्याच स्वराच्या छोट्या आघातांत मोडा. नव्या तारेवर जाताना आघात खालच्या दिशेचाच असू द्या आणि तो मनगटाच्या वजनाने पडू द्या. रिशा घट्ट आवळून धरली की आवाज खडखडतो. हे लयीत बसल्यावर खर्जातले स्वर मिसळा, आणि मग कुठे डाव्या हाताने वरच्या स्वराचा एखादा कण, म्हणजे निसटता स्पर्श, द्या. इजिप्शियन संगीतकार रियाद अल-सुनबाती (१९०६–१९८१) यांचे तक्सीम, म्हणजे उत्स्फूर्त एकल वादन, ऐका, म्हणजे किती कमी सजावट पुरते ते कळेल. गायक-ऊदवादक फरीद अल-अत्रश यांचे वादन विलक्षण झगमगते असले तरी नवशिक्याने त्यांची नक्कल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मान्य करायला हवी. तुर्की ऊद सहसा थोडा लहान असतो आणि एक स्वर वर लावलेला असतो. तिकडचे वादक डाव्या हाताची घसरण आणि कंपन बरेच अधिक वापरतात. तुम्हाला तीच शैली शिकायची असेल तर सतारीचा हात नक्कीच कामी येईल, आणि माझ्या वरच्या सल्ल्यातील मींडेविषयीचा भाग सोडून द्यावा. मात्र त्या गृहस्थांनी त्या रात्री ऐकली होती ती इजिप्शियन समाई.