मॉश पिटमधले धक्के आणि गर्दीचा दाब

प्रश्न : माझा 19 वर्षांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तो हेवी मेटलच्या एका कार्यक्रमाला जाऊन आला, तेव्हा त्याच्या दंडावर आणि बरगडीपाशी काळेनिळे डाग होते. त्याने मोबाइलवर दाखवलेल्या चित्रणात मुले एकमेकांवर धावून जात होती आणि एक मुलगा लोकांच्या डोक्यांवरून हातोहात पुढे सरकत होता. "आई, कोणी पडलं तर लगेच उचलतात," असे तो म्हणतो. ही मारामारीच नव्हे का? त्याला पुन्हा जाऊ द्यावे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे खरे आहे, परंतु ते मॉश पिटपुरतेच, म्हणजे मुले एकमेकांवर धावून जातात त्या रिंगणापुरतेच खरे आहे, आणि मोठ्या दुर्घटनांचा इतिहास पाहिला, तर आईवडिलांनी ज्याची धास्ती घ्यावी ती जागा पिट नसून दुसरीच आहे.

अमेरिकेतील हार्डकोर पंक या वेगवान, आक्रमक रॉक संगीताच्या कार्यक्रमांत 1980 च्या आसपास हा प्रकार रुळला आणि पुढे मेटलच्या श्रोत्यांनी तो उचलला. गाण्याचा ठेका जड झाला की मैदानाच्या मध्यावर लोक आपणहून मागे सरतात, एक मोकळे रिंगण तयार होते आणि त्यात हौशी मंडळी खांद्याने एकमेकांवर आदळतात. ठोसा मारायचा नाही, कोपर बाहेर काढायचे नाही आणि पडलेल्याला उचलायचे, हे तिथले अलिखित नियम आहेत. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात मी फार वर्षांपूर्वी एका दांडग्या मुलाला रिंगणाच्या मधोमध थांबून एक चष्मा हात उंच करून धरताना पाहिले होते. ज्याचा चष्मा होता तो चाचपडत येईपर्यंत दोघेजण पाठ करून त्याच्याभोवती उभे राहिले, आणि चष्मा हातात पडताच तिघेही पुन्हा धडका द्यायला मोकळे झाले. मारामारीत असे घडत नाही. अर्थात मुका मार, मुरगळलेले घोटे आणि क्वचित मोडलेले हाड, ही तिथली किंमत आहेच.

कॉर्नेल विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी अशा पिटांची चित्रणे तपासून 2013 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पिटमधील माणसे वायूच्या रेणूंसारखी, म्हणजे कोणत्याही दिशेला मोकळेपणी धावून आपटल्यासारखी वागतात, असे त्यांना आढळले. (सगळे गोल धावू लागतात त्या 'सर्कल पिट'मध्ये बहुतेक ठिकाणी लोक घड्याळाच्या काट्यांच्या, म्हणजेच आपल्या प्रदक्षिणेच्याही, उलट दिशेने फिरतात, ही त्यातील गमतीची बाब.) वायूची ही उपमा महत्त्वाची आहे, कारण धडक देण्यासाठी आधी मोकळी जागा असावी लागते.

खरा धोका जिथे जागाच उरत नाही तिथे, म्हणजे बहुधा मंचासमोरच्या कठड्यालगत असतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहांपेक्षा अधिक माणसे दाटली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. मागच्या रेट्याची लाट पुढे जाते आणि मधल्या माणसाला आपले पाऊल कुठे पडावे हेही ठरवता येत नाही. डेन्मार्कमधील रोस्किल्ड महोत्सवात 30 जून 2000 रोजी पर्ल जॅम या रॉक बँडचे वादन चालू असताना पावसाने निसरड्या झालेल्या मैदानावर पुढचे लोक कोसळले. गायक एडी व्हेडर यांनी वादन थांबवून सर्वांना मागे सरण्याची विनंती केली, पण त्या चेंगराचेंगरीत नऊ तरुणांचा जीव गेला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे 5 नोव्हेंबर 2021 रोजी झालेल्या ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात दहाजण दगावले, आणि तो कार्यक्रम तर मेटलचा नव्हे, रॅपचा होता. छाती दाबली जाऊन श्वास कोंडणे हे तिथल्या मृत्यूंचे कारण ठरले, आणि असा श्वास माणूस उभा असतानाही कोंडू शकतो. मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी 23 माणसे गेली. तिथे ना संगीत होते, ना कोणी कोणावर धडकत होते.

म्हणून मुलाला एवढेच बजावा : बाजूला दाबले गेलेले हात चेहऱ्यापर्यंत उचलता येत नसतील, तर आवडते गाणे अर्धवट सोडून तिथून निघायचे. हात छातीपुढे आडवे धरून श्वासापुरती जागा राखायची, रेट्याला उलटा रेटा द्यायचा नाही आणि लाट ओसरली की तिरके तिरके कडेला सरकायचे. खाली पडलेला मोबाइल उचलायला वाकायचे नाही.

डोक्यांवरून तरंगत जाण्याच्या, म्हणजे क्राउडसर्फिंगच्या बाबतीत मात्र मी आपल्या बाजूने आहे. कठड्यापलीकडे उतरवून घेणारे कर्मचारी असले तरी तिथवर पोचण्याआधी गर्दीत कुठे पोकळी लागली, तर माणूस मानेवर किंवा डोक्यावर आपटतो, आणि त्याच्या जाड बुटांचा प्रसाद खालच्यांना मिळतो तो वेगळाच. प्रागमध्ये 2010 साली लॅम्ब ऑफ गॉड या मेटल बँडच्या कार्यक्रमात मंचावरून खाली पडलेला एक चाहता पुढे मरण पावला. त्याला मंचावरून ढकलल्याच्या आरोपावरून बँडचे गायक रँडी ब्लाइद यांना 2012 मध्ये अटक झाली. 2013 मध्ये न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली, मात्र नैतिक जबाबदारी त्यांच्यावरही राहते असे नमूद केले.

19 वर्षांच्या मुलाला आपण अडवू शकाल असे मला वाटत नाही. त्याने बुटांच्या नाड्या घट्ट बांधाव्यात आणि कानात इअरप्लग घालावेत, एवढे मात्र सांगा. काळेनिळे डाग एक-दोन आठवड्यांत जातात, कानांचे तसे नसते.

प्रश्न : मला हे संगीत आवडते, पण धक्के नकोत. मी बाजूला उभी असले तरी कोणीतरी मागून ढकलून मला रिंगणात लोटते, आणि तक्रार केली तर "मग इथे येतेस कशाला?" असे ऐकवले जाते. गर्दीचा फायदा घेऊन अंगाला हात लावणारेही भेटतात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही तिकीट गाणे ऐकण्याचे काढले आहे, धक्के खाण्याचे नव्हे. स्वतःहून रिंगणात उतरणे हा खेळ आहे. नको म्हणणाऱ्याला त्यात लोटणे ही दांडगाई आहे, आणि अंगाला हात लावणे हा सरळसरळ गुन्हा आहे. या संगीताच्या घरातच हा वाद जुना आहे : फुगाझी या वॉशिंग्टनच्या बँडचे इयन मॅके गाणे मध्येच थांबवून दांडगाई करणाऱ्याला समज देत आणि न ऐकल्यास त्याचे पैसे परत करून त्याला बाहेर काढत. आपल्याकडे मंचावरून अशी दखल घेतली जाईलच असे नाही, म्हणून सुरक्षा कर्मचाऱ्याला तिथल्या तिथे माणूस दाखवून द्या. उभे राहायला ध्वनिनियंत्रण कक्षाच्या लगतची जागा निवडा. तिथे सहसा कठडा असतो, पिट तिथवर क्वचितच पोचतो, आणि ध्वनितंत्रज्ञ स्वतः तिथेच बसून आवाज जुळवत असल्यामुळे गाणेही मैदानात सर्वांत नीट तिथेच ऐकू येते.